दस्तगीरची घूस

पाइपलाइनीसाठी चर काढायच्या मशीनला आमच्या भागात ‘दस्तगीरची घूस’ म्हणतात. घूस बांध पोखरत जाते तसं ते लहान ट्रॅक्टरच्या मागं बसून जमीन पोखरत जातं, म्हणून घूस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘दस्तगीरची’ ह्या शब्दाबद्दल. कल्पना माझी, ट्रॅक्टर माझा, मिरजेच्या भंगारात उन्हात उभं राहून गोळा केलेलं लोखंड माझं, पहिल्या दिवशी अंगावर ढिगानं माती घेतली ती मी, आणि नाव दस्तगीरचं. परवा कुंडलच्या स्टँडवर चहा पीत होतो, तर शेजारचा एक अनोळखी माणूस मलाच ही घूस कशी निघाली ते समजावून सांगायला लागला. त्याच्या गोष्टीत मी होतो, पण ‘कोण एक पाइपवाला’ एवढाच. मी चहा अर्धा टाकून उठलो. तेव्हा आता त्या पाइपवाल्यानंच लिहिलेलं बरं.

दस्तगीर मिस्त्रीचं शेड कुंडलच्या बाहेर, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. तीन बाजूंना पत्रा, चौथी बाजू रस्त्याला उघडी. त्या चौथ्या बाजूसाठी त्यानं एकदा शटर केलं होतं. रंग वाळत होता तेवढ्यात शेजारच्या किराणा दुकानदाराला ते आवडलं, म्हणून त्याला देऊन टाकलं. पुन्हा काही केलं नाही. आमच्या निम्म्या गावाची फाटकं, खिडक्या आणि शटरं त्यानं केलेली, आणि त्याचं स्वतःचं दुकान मात्र गुरांनासुद्धा आत येऊन बसता येईल असं.

माणूस अंगानं दणकट, पोट सुटलेलं, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर वेल्डिंगचा काळा चष्मा चढवलेला. तो चष्मा डोळ्यांवर आलेला मी क्वचितच पाहिला. ठिणग्या पाडताना तो मान रस्त्याकडं वळवायचा आणि तेवढ्या वेळात जाणाऱ्या-येणाऱ्यांची चौकशी उरकून घ्यायचा. “काय पाटील, म्हस व्याली का?” असं विचारून उत्तर येईपर्यंत इकडं जोड झालेला असायचा. मग त्यावर हातोडीचे दोन टोले घालून त्या दोन तुकड्यांना सांगायचा, “जावा आता, लगीन झालं तुमचं.” तोच जोड तुटून परत आला तर लोखंडाला म्हणायचा, “आलीस व्हय माहेराला?” आणि मग गिऱ्हाइकाकडं संशयानं बघायचा. सासुरवास केल्याशिवाय पोर माहेरी येत नाही, असं त्याचं ठाम मत. गिऱ्हाईक बिचारं घरच्या भांडणात सापडल्यासारखं गप्प उभं राहायचं.

पण त्याचा खरा शब्द ‘व्हय’. काहीही विचारा, तो व्हय म्हणायचा. उद्या मिळेल का? व्हय. आजच पाहिजे. व्हय. जमत नसेल तर सरळ सांगा. व्हय. ह्या एका शब्दावर त्यानं अख्खं गाव सांभाळलं. त्याच्या व्हयचा अर्थ ‘मी ऐकलं’ एवढाच असतो, हे लोकांना फार उशिरा कळायचं, आणि तोवर काम झालेलं असायचं.

मला ह्याचा फार त्रास व्हायचा. मी सांगलीत पाइपच्या दुकानात हमाली करून वर आलेला माणूस. आज माझं स्वतःचं दुकान आहे, पाइपलाइनीचे ठेके घेतो, पण भाव केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडी घेत नाही. घासाघीस न करता घेतलेली वस्तू मला चोरीची वाटते. दस्तगीरशी घासाघीसच करता यायची नाही. मी मुद्दाम कमी बोलायचो, तो व्हय म्हणायचा, आणि घरी जाईपर्यंत मला वाटत राहायचं की अजून कमी बोलायला हवं होतं. असा माणूस दुसऱ्याला समाधान मिळू देत नाही.

चराची अडचण मला आली ती माणसं मिळेनाशी झाली तेव्हा. खोदायला मजूर नाहीत, आणि मोठं खोदाई मशीन ऊसवाला शेतात घालू देत नाही. ते एका पाइपासाठी बैलगाडी जाईल एवढा खड्डा काढतं आणि खालचा मुरूम वर आणून टाकतं. मला हवा होता पाऊल मावेल एवढा अरुंद आणि अडीच फूट खोल चर. मोबाईलवर मी परदेशातला एक शेतकरी घरी केलेलं तसलं मशीन चालवताना पाहिला. झाडं कापायच्या करवतीसारखं, पण माणसाएवढं. लांब पात्याभोवती दातांची साखळी फिरते, माती कापते आणि बाजूला फेकते. ते मी दस्तगीरला दाखवलं. त्यानं ते पुन्हा पुन्हा पाहिलं, मग मोबाईल उलटा धरून पाहिलं. उलटा कशाला, म्हणून मी विचारलं. तर म्हणाला, मागनं कसं दिसतंय ते बघतोय.

मी त्याला एकच अट घातली. हे मशीन ह्या भागात एकच राहील. दुसऱ्या कुणालाही त्यानं दुसरं मशीन करून द्यायचं नाही. मी ती अट त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली. हमाल होतो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानाचं नाव छापलेला सदरा घालून फिरलो होतो. ह्या एका गोष्टीला माझं नाव लागावं, चर म्हटलं की लोकांनी माझ्याच दारात यावं, एवढं मला हवं होतं.

“दुसरं मशीन करायचं न्हाई,” मी म्हणालो.

“व्हय.”

“व्हय म्हंजे?”

“म्हंजे न्हाई करायचं.”

आता ह्याहून पक्कं काय असतं?

दुसऱ्या दिवशी गेलो, तर दस्तगीर ऊस सोलत बसलेला. मला वाटलं, खातोय. पण तो मशीन करत होता. कोणतीही नवीन वस्तू तो आधी उसाची करायचा. बांधावरचा सरळ ऊस आणायचा, कोयत्यानं कांड्या पाडायचा, सुतळीनं बांधायचा आणि अख्ख्या मापाचा नमुना शेडात उभा करायचा. मोजमाप सगळं पेरांत. पातं सात पेरं, चौकट चार पेरं आणि एक डोळा. मी म्हणालो, कागदावर काढा की. त्यानं विचारलं, “कागदाभवती हिंडता येतंय व्हय?” मी म्हणालो, मग निदान आकडे तरी लक्षात ठेवा. तर म्हणाला, माप डोक्यात ठेवलं की ते डोक्याच्या कलानं वाढतंय, कमी होतंय; उसात ठेवलं की जिथल्या तिथं ऱ्हातंय. ऊस किती जिथल्या तिथं राहतो ते पुढं कळलंच.

लोखंडासाठी आम्ही मिरजेला गेलो. साखळी आम्हाला साखर कारखान्याच्या भंगारातली मिळाली होती, दातांसाठी ट्रकच्या कमानीचे पाटे होते. राहिलं होतं ते जुन्या जीपचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा फिरता जोर आडवा वळवून साखळीला देणारा गोळा. भंगारवाल्याच्या दारातून मी दस्तगीरला बजावलं की तोंड उघडायचं नाही. मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. आधी भलत्याच वस्तूचा भाव विचारला. मग डिफरन्शियलला लाथ मारून ‘हे काय गंजलेलं’ असं म्हणालो. मग पाठ फिरवून निघालो. ही माझी सगळ्यात चांगली चाल. भंगारवाला मागून हाक मारणारच, अशा अंतरावर मी पोचलो होतो. हाक आली, पण ती दस्तगीरची. तो त्या डिफरन्शियलला लेकरासारखं मांडीवर घेऊन जमिनीवर बसला होता.

“शेट, आवं ह्येच! आसलंच पायजे हुतं. आक्ख्या जिल्ह्यात दुसरं न्हाई.”

भंगारवाल्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी अजून विसरलेलो नाही. परत येताना गाडीत मी एक शब्द बोललो नाही. दस्तगीर मात्र वाटभर त्या गोळ्याशी बोलत होता. कुठल्या घरचं, कुणी टाकलं, असं विचारत होता.

काम सुरू झालं आणि माझी झोप उडाली, कारण ते उघड्यावर सुरू झालं. माझं गुपित रस्त्याच्या कडेला पडलेलं, आणि जो तो त्याला हात लावून जाणार. मी दुकानातून चांगली जाड ताडपत्री आणली आणि चौथ्या बाजूला बांधून दिली. दुसऱ्या दिवशी ती खाली अंथरलेली होती आणि तिच्यावर माणसं बसली होती. मी भडकलो. दस्तगीर शांतपणे म्हणाला की आत अंधार होतोय, आणि माणसं बी माघारी जातात. कुणी पाने धरू लागे, कुणी दाताचा कोन असा नको तसा हवा म्हणून सांगे. एका गवळ्यानं साखळी ताणायची युक्ती सांगितली, ती दस्तगीरनं त्याच्यासमोर लगेच करून पाहिली आणि गवळ्याला चहा पाजला. ते सगळं माझ्या मशीनवर.

ह्या बैठकीतला कायमचा माणूस म्हणजे सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेला, घरचा ऊस, करायला काही नाही. फाटकाची कडी दुरुस्त करायला म्हणून आला आणि ती कडी मिळाल्यावरही येतच राहिला. हातात वेताची छडी, बोलण्यात फौजी हिंदी. मला तो ठेकेदार म्हणायचा, तेही ‘कैदी’ म्हणावं तशा आवाजात. नमुन्याचा ऊस त्याच्याच बांधावरचा होता, त्यामुळं मशीनमध्ये आपली भागीदारी आहे अशा थाटात तो नमुन्याशेजारीच बसायचा.

मशीन तयार झालं आणि पहिली चाचणीही त्याच्याच शेतात ठरली, कारण त्याचा ऊस नुकताच तुटून गेला होता. तिथं पहिली अडचण आली ती वेगाची. ट्रॅक्टरचा सगळ्यात हळू गिअरसुद्धा ह्या कामाला घोड्यासारखा होता. साखळीनं माती कापायच्या आत ट्रॅक्टर पुढं निघून जायचा. दस्तगीरनं ते पाहिलं, चष्मा टोपीवर मागंपुढं केला, आणि दोन दिवसांत ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाला एक ड्रम बसवून आणला. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवायचा. ड्रमवरचा तारेचा दोर पुढं लांब एखाद्या पक्क्या वस्तूला बांधायचा. इंजिनाच्या जोरावर ड्रम सावकाश दोर गुंडाळणार, आणि ट्रॅक्टर गोगलगायीसारखा स्वतःला ओढत पुढं सरकणार. युक्ती चांगली होती, हे मी तेव्हाही म्हणालो. पक्की वस्तू म्हणून त्यानं माझी पिकअप निवडली, त्याबद्दल मात्र मला कुणी विचारलं नाही.

मी पिकअपमध्येच बसलो होतो. मागं मशीन सुरू झालं, दात जमिनीत उतरले. तेवढ्यात एका बागाईतदाराचा फोन आला. मी त्याला सांगायला सुरुवात केली की बघा, माझं मशीन आत्ता ह्या घडीला माझ्या डोळ्यांसमोर चर काढतंय. गाडीच्या आरशात ट्रॅक्टर हळूहळू मोठा होत होता. मी म्हणालो, फर्स्टक्लास येतंय पुढं, काय विचारूच नका. ट्रॅक्टर आणखी मोठा झाला. मग माझ्या लक्षात आलं की शेजारची बाभळ पुढं चाललीये.

मातीत रुतलेलं मशीन पिकअपपेक्षा पक्कं निघालं होतं. ट्रॅक्टर होता तिथंच होता, आणि माझी गाडी मला घेऊन उलटी त्याच्याकडं निघाली होती. हँडब्रेक मी ओढला नव्हता, हे खरं; पण तो ओढायचा असतो हे बांधणाऱ्यानं सांगायला नको का? सुभेदार छडी उंचावून ओरडला, “ठेकेदार, पीछे नहीं, आगे!” मी दार उघडून उडी मारली, ती नेमकी साखळी माती फेकते त्या अंगाला. पांढरे कपडे घालून गेलो होतो. दस्तगीरनं मशीन बंद केलं, माझ्याकडं बघितलं, मग ड्रमकडं बघितलं आणि म्हणाला, “वढतंय मातूर झकास.”

मग जमिनीत पहारी ठोकून त्यांना दोर बांधला, आणि खरोखर चर निघाला. सरळ, अरुंद, कडा कोयत्यानं कापल्यासारख्या. जमलेली माणसं पुढं झाली. मीही झालो. माती थुंकत त्या चराकडं बघत उभा राहिलो तेव्हा मला वाटलं, आता हे माझं.

सुभेदारानं चरात छडी उभी केली आणि खोली मोजली. एक वीत कमी.

तिथंच बांधावर चौकशी बसली. दस्तगीर शपथेवर सांगत होता की नमुन्यात होती तेवढीच पेरं त्यानं लोखंडात घेतली. आम्ही शेडावर जाऊन नमुना पाहिला. पातं पाच पेरांचं होतं. मला स्पष्ट आठवत होतं की सात होती. टोक पेरावर स्वच्छ मोडलेलं, आणि खाली, सुभेदाराच्या नेहमीच्या जागेजवळ, चोथे वाळून पडलेले. सगळ्यांनी सुभेदाराकडं पाहिलं. तो ताठ उभा राहिला.

“ऊस माझा हुता,” तो म्हणाला. मग छडी काखेत घेत, “आणि मैंने खाया नहीं. चखा.”

मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दस्तगीर मात्र हसलाच नाही. त्यानं चोथ्यांकडं बघून विचारलं, “गोड हुता का?” आणि मग गुमान माझ्या मशीनच्या पात्याला एक वीत तुकडा जोडून दिला. टोले घातले, लग्न लावलं. त्या दिवसापासून माझी घूस पुरती अडीच फूट खणायला लागली.

ते काही महिने चांगले गेले. चर म्हटलं की माझा फोन वाजायचा, आणि मी भाव सांगून गप्प बसायचो. पलीकडची माणसंही गप्प बसायची, कारण दुसरीकडं जायला जागाच नव्हती. मग मेढ्याहून बोलावणं आलं. डोंगरातली स्ट्रॉबेरीची शेतं, ठिबकासाठी पाइप हवे होते. मी म्हटलं, पाइप विकतो आणि चरही गळ्यात मारतो. गेलो, तर शेताच्या कडेला एक लहान ट्रॅक्टर उभा, आणि त्याच्या मागं घूस.

मी तिच्याभोवती दोनदा फिरलो. तीच चौकट, तोच ड्रम. शेतमालक अभिमानानं सांगायला लागला की कुंडलला एक मिस्त्री आहेत, फार मोठा माणूस. त्यांनी उसाचा नमुना बांधून दिला, तो त्यानं एसटीच्या टपावर टाकून आणला आणि मेढ्यातल्या वेल्डरकडून तसंच्या तसं करून घेतलं. माप घेऊन झाल्यावर नमुना घरच्यांनी खाल्ला. जरा उथळ जातं म्हणाला, पण ठिबकाला पुरतंय. आणखी कुणाकुणाकडं आहे तेही त्यानंच मला सांगितलं. मी गावांची नावं ऐकत गेलो, आणि मला तिथं पाणीसुद्धा प्यावंसं वाटेना.

तिथून सरळ शेडावर आलो. ताडपत्रीवर माणसं होती. मी कुणाची पर्वा केली नाही.

“मिस्त्री, तुमी शब्द दिला हुता.”

“व्हय.”

“दुसरं मशीन करनार न्हाई म्हनला हुता.”

“व्हय. न्हाईच केलं.”

“मग मेढ्यात काय बगून आलो मी?”

“त्ये त्यांनी केलं, शेट. मी ऊस दिला.” त्यानं चष्मा टोपीवरून काढून सदऱ्याला पुसला. “उसाचं कुटं बोलला हुता तुमी?”

ताडपत्रीवरून कुणीतरी खोकलं. मी आयुष्यभर लोकांच्या बोलण्यातल्या फटी शोधून पोट भरलं. समोरच्यानं काय कबूल केलं त्यापेक्षा काय कबूल करायचं राहिलं ह्यावर माझा डोळा असतो. आणि ज्या माणसाला भाव करता येत नाही अशी माझी खात्री होती, त्यानं मला माझ्याच तीनदा वदवलेल्या अटीतून उसाची कांडी घेऊन आरपार बाहेर पडून दाखवलं. मी पाठ फिरवून निघालो. ह्या वेळी मागून कुणीच हाक मारली नाही.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. कुंडलच्या बाजारात समोर आला तर तो “काय शेट” म्हणायचा आणि मी भाजीकडं बघायचो.

पुढच्या हंगामात माळावरच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन खालच्या विहिरींवरून वर पाणी न्यायचं ठरवलं. लांबच्या लांब पाइपलाइन, सगळ्यांच्या शेतांतून. मधला ऊस तुटून गेला की नवी लागण होईपर्यंतच रान मोकळं, तेवढ्यात चर, पाइप आणि माती लोटणं सगळं व्हायला हवं होतं. बैठकीत दुसऱ्या एका ठेकेदारानं मुदत वाढवून मागितली. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चराचं मूळ मशीन माझं आहे, मुदतीत करून देतो. मला ते ‘मूळ’ म्हणून दाखवायचं होतं. एक गोगलगाय दिवसभरात किती सरकते ह्याचा हिशेब मी बैठकीनंतर केला.

आठवडा उलटला तेव्हा कोपऱ्याएवढं काम झालं होतं. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी लागणीचं बियाणं सांगून ठेवलेलं. ते बांधावर येऊन उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत, आणि निघून जायचे. त्यांचं ते न बोलणं मला शिव्यांपेक्षा जड जायचं. हे काम हातून गेलं असतं तर मूळ मशीनवाला म्हणून नव्हे, तोंडाळ ठेकेदार म्हणून माझं नाव राहिलं असतं. घूस असलेल्या दुसऱ्या लोकांना बोलवावं, तर त्यातल्या बहुतेकांना मी फोनवर दम दिलेला.

एका सकाळी रानात पोचलो, तर रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग. सगळ्या घुशी. मेढ्याचा तो स्ट्रॉबेरीवालासुद्धा आपला ट्रॅक्टर टेम्पोत घालून आलेला. पुढं सुभेदार छडी काखेत धरून उभा, आणि त्याच्या मागं दस्तगीर. सुभेदारानं माझी अडचण शेडात बोलून दाखवली होती, आणि शेडाला चौथी बाजू नव्हती. मी मनात आकडे जुळवत पुढं झालो. एकेकाशी भाव करायचा, कमीत कमी कुठून सुरुवात करायची, असं ठरवत होतो. तर कळलं, भाव झालेला होता. जो जे मागेल त्याला दस्तगीरनं माझ्या वतीनं आधीच व्हय म्हणून ठेवलं होतं.

सगळी मशीनं एकदम जमिनीत उतरली. पहिला चर पुरा झाल्यावर सुभेदारानं सवयीनं छडी उभी केली आणि त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या चरात मोजलं, तिसऱ्यात मोजलं. माझा चर सोडून सगळीकडं एक वीत कमी. दस्तगीरनं प्रत्येक नवा नमुना त्या जुन्या, मोडक्या नमुन्याशेजारी ठेवून बांधला होता. सुभेदारानं चाखलेली दोन पेरं डोंगर ओलांडून मेढ्यापर्यंत पोचली होती. तो माणूस त्या दिवशी दुपारपर्यंत हिंदीत काहीच बोलला नाही.

मग दस्तगीरनं काम लावून दिलं. बाकीच्यांनी पुढं राहून वरची माती काढायची. मागून माझं मशीन त्यांच्याच चरात उतरणार आणि तळाची वीतभर काढणार. वरचं कष्टाचं काम त्यांचं, त्यामुळं माझी घूस कधी नव्हे ती भराभर चालली. प्रत्येकाच्या रानात शेवटचा फेरा तिचाच. दुसऱ्या दिवसापासून बांधावरचे लोक स्वतःहून म्हणायला लागले की थांबा, तळाला शेटची घूस येऊ द्या, मगच पाइप. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि ते पुन्हा म्हणतात का म्हणून तिथंच घोटाळत राहिलो.

शेवटच्या दिवशी दस्तगीर बांधावर एकटा बसलेला पाहिला आणि मी त्याच्याजवळ गेलो. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

“मिस्त्री, खरं सांगा. त्यांची वीतभर कमी ठिवली, ती माज्यासाठी मुद्दाम?”

“व्हय.”

मला बरं वाटलं. पण मी मला ओळखतो, आणि त्यालाही. म्हणून उलटं विचारलं.

“का चुकून ऱ्हायली?”

“व्हय,” दस्तगीर म्हणाला आणि उठला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डोळ्यांचं ऑपरेशन करायला म्हणून तो मिरजेला मुलीकडं गेला. डोळे बरे झाले, पण छातीचं काहीतरी निघालं आणि तो तिकडंच वारला. शेडाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, काचेचं दार असलेलं. घुशींना अजून त्याचंच नाव आहे, आणि ते चूक आहे असं माझं मत आजही आहे. कुणाला वाद घालायचा असेल त्यानं माझ्या दुकानात यावं.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते कामाच्या त्या शेवटच्या दिवशी, तो बांधावरून उठल्यावर. त्याला तळ पाहायचा होता. सुभेदाराची छडी त्यानं घेतली नाही. पायानं बघतो म्हणाला, चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि सरळ चरात उतरला. चर एका पावलाएवढाच, त्यामुळं तो एका पावलापुढं दुसरं ठेवत, डोंबाऱ्यासारखे दोन्ही हात पसरून, पोट सांभाळत चालायला लागला. गुडघे कडेला घासले की थांबायचा, तळ दाबून बघायचा आणि मान हलवायचा. थोड्या अंतरावरून त्याचे पाय दिसेनासे झाले. मोकळ्या रानातून कमरेपासून वरचा एक माणूस हात पसरून माळाकडं सरकत निघाला होता. वाटेतल्या बांधावर बसलेल्यांची तो चौकशी करत होता, ती वाऱ्यावर तुटक ऐकू येत होती. मी हाक मारली, मिस्त्री, परत फिरा, चपला हितं हायत. “व्हय,” तो म्हणाला. पण चरात वळायला जागा नव्हती, म्हणून तो तसाच पुढं चालत राहिला.